शेऱ्याचा रकाना

वाचनालयात आलेलं प्रत्येक पुस्तक जिथे उतरवतात, त्या दाखल नोंदवहीत सगळ्यात शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. त्याच्या आधीची रांग ठरलेली: दाखल क्रमांक, तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, प्रकाशन वर्ष, पानं, किंमत, विक्रेता, बिल क्रमांक. हे रकाने बहुधा नीट भरलेले सापडतात, कारण अनुदान आणि हिशेबतपासणी त्यांच्यावर चालते. शेऱ्याकडे फारसं कुणी बघत नाही, म्हणून तिथे लिहिणाऱ्याचा हात मोकळा असतो. ‘गहाळ’, ‘जीर्ण’, ‘वाळवी’, ‘बायंडिंगला दिले’, ‘अध्यक्षांकडे’. एका ‘अध्यक्षांकडे’मध्ये गावातल्या वाचनालयाचा अर्धा कारभार कळतो.

मराठवाड्यात ग्रंथालयशास्त्रात पीएच.डी. करू बघणाऱ्यांसाठी सगळ्यात मोठा ऐवज या वह्यांत पडून आहे, असं माझं ठाम मत आहे. बहुतेक प्रबंध मात्र वह्यांना वळसा घालून प्रश्नावलीकडे जातात. शीर्षकंही पाठ झाली आहेत. अमुक विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतील ई-संसाधनांचा वापर, एक अभ्यास. पुढच्याने जिल्हा बदलायचा, त्याच्या पुढच्याने ‘कला व वाणिज्य’च्या जागी ‘अभियांत्रिकी’ घालायचं. गृहीतकही तेच: स्त्री आणि पुरुष वाचकांच्या वापरात लक्षणीय फरक नाही. काय-वर्ग (काय-स्क्वेअर) ही संख्याशास्त्रीय चाचणी लागते, गृहीतक स्वीकारलं किंवा नाकारलं जातं आणि फडताळातलं एकही पुस्तक जागचं हलत नाही.

विषय पक्का करण्याआधी एक साधी परीक्षा घ्यावी. उत्तर ‘हो’ आलं तर ग्रंथपाल उद्या सकाळी काय वेगळं करेल, आणि ‘नाही’ आलं तर काय? दोन्हींचं उत्तर ‘काही नाही’ असेल, तर तो विषय शोधगंगेत आधीच कुणाच्या तरी नावावर असण्याचा संभव दांडगा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं हे प्रबंधांचं ऑनलाइन भांडार उघडं आहे, त्यात शोधायला कुणाची परवानगी लागत नाही. शोधताना एकच शब्दरूप वापरून थांबू नये. ‘पब्लिक लायब्ररी’, ‘सार्वजनिक ग्रंथालय’, ‘वाचनालय’ आणि ‘ग्रामीण ग्रंथालय’ असे चारही घालून बघावेत, मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे.

नियमांचं थोडक्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाची सध्याची नियमावली नोव्हेंबर २०२२ची. कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षं आणि कमाल सहा, पुनर्नोंदणी करून आणखी दोन; स्त्रियांना व ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना वर आणखी दोन वर्षांची सवलत, पण एकूण दहाच्या पुढे नाही. कोर्सवर्क १२ ते १६ श्रेयांकांचं. एम.लिब.ला ५५ टक्के, राखीव प्रवर्गांना पाच टक्क्यांची सूट. जून २०२४पासून राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे म्हणजे नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही धरता येतात, ग्रंथालयशास्त्राचा विषयक्रमांक ५९. आपलं विद्यापीठ त्या वर्षी ‘पेट’ ही स्वतःची प्रवेश परीक्षा घेतंय की नेटवर भागवतंय, हे त्याच वर्षीच्या सूचनेत बघावं, मागच्या वर्षी झालेल्या मित्राच्या तोंडून नव्हे. शोधनिबंध छापलाच पाहिजे ही सक्ती २०२२च्या नियमांतून गेली. तरी विभागात विचारून घ्यावं, कारण विद्यापीठाचा स्वतःचा नियम वेगळा असू शकतो.

गाईडचं मात्र थोडक्यात सांगून भागत नाही. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायकाकडे चार विद्यार्थी, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. आपल्या विषयाचे विभाग लहान. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाकडे संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव हे चार जिल्हे, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाकडे नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे चार. त्यात मोकळी जागा, आपला विषय आणि गाईडची निवृत्तीची तारीख या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. पहिल्या दोन गोष्टी सगळे विचारतात, तिसरी विचारायला संकोच करतात. चौथ्या वर्षी गाईड बदलून घेण्यापेक्षा पहिल्या भेटीत ‘सर, आपलं रिटायरमेंट कधी?’ हे अदबीनं विचारलेलं बरं. नोकरी करणाऱ्या ग्रंथपालाने अर्धवेळ नोंदणीसाठी लागणारी संस्थेची एनओसी आधी हातात घ्यावी. तोंडी ‘बघू, देऊ’वर विसंबू नये, संस्थाचालक बदलले की ते ‘बघू’ही जातं.

आता त्या वहीकडे.

तालुक्याच्या गावातलं एक वाचनालय धरू, दाखल ग्रंथ १२,०००. ग्रंथ उपयोगासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१मध्ये मांडलेली ही सूत्रं प्रत्येक प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात येतात आणि तिथेच राहतात. यातलं तिसरं सूत्र चक्क मोजता येतं. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावरचे शिक्के मोजायचे. बारा हजार पुस्तकं मोजायची गरज नाही, तीनशेच्या आसपास पुरतात.

निवड वहीतून करायची, फडताळातून कधीही नाही. फडताळावर जे आहे ते उरलेलं आहे. जे गेलं ते फक्त वहीत सापडतं. दर ४०वा क्रमांक घेतला की ३०० होतात, असा हिशेब सुचतो, पण तो जरा घातक आहे. छापील वहीच्या पानावर २० किंवा २५ ओळी असतात. ओळी २० असल्या तर ४०च्या टप्प्याने दर वेळी पानावरची तीच ओळ हाती येते. मार्चअखेर अनुदान संपवायच्या घाईत एका विक्रेत्याकडून गठ्ठ्याने पुस्तकं घेतलेली असतात आणि ती बिलातल्या क्रमाने उतरवलेली असतात. अशा वहीत ठरावीक ओळच वेचत जाण्याचा धोका कशाला घ्यायचा? टप्पा ४१चा घ्यावा. सुरुवातीचा आकडा १ ते ४१मधून चिठ्ठी टाकून काढावा. २९२ किंवा २९३ पुस्तकं येतात, काही बिघडत नाही.

यादी घेऊन फडताळाकडे गेलं की पहिली अडचण तासाभरात येते. ४,१४२ क्रमांकाचं पुस्तक जागेवर नाही. शेजारी ४,१४३ दिसतंय, तेच घ्यावं असा मोह होतो, मदतीला आलेला ग्रंथपालही प्रेमानं सांगतो, ‘हे घ्या की सर, त्याच लेखकाचं हाय.’ घ्यायचं नाही. ‘जागेवर नाही’ हेच त्या क्रमांकाचं उत्तर आहे. आधी देवघेव वही पाहायची, तिथे नसेल तर शेऱ्याचा रकाना, तिथेही कोरं असेल तर ‘शेरा नाही, पुस्तक नाही’ असा वेगळा वर्ग करायचा. शेजारचं पुस्तक उचलत गेलं की गहाळ पुस्तकांचं प्रमाण आपोआप शून्य होतं आणि प्रबंधात वाचनालय आहे त्याहून भरलेलं दिसतं.

चिठ्ठीचेही घोळ आहेत. खूप फिरलेल्या पुस्तकाची चिठ्ठी भरते, तिच्यावर नवी चिकटते किंवा जुनी फाडून टाकली जाते. म्हणजे सगळ्यात जास्त वाचल्या गेलेल्या कादंबरीवर तीनच शिक्के दिसतात आणि कुणी न उघडलेल्या अहवालाइतकी ती थंड वाटते. यावर उपाय असा, की एकूण शिक्के मोजूच नयेत. मागच्या पाच वर्षांतले शिक्के मोजावेत, शेवटची तारीख वेगळ्या रकान्यात घ्यावी, आणि चिठ्ठी पहिली आहे की बदललेली हेही लिहावं. पुन्हा बांधणी झालेल्या पुस्तकात चिठ्ठीच नसते, त्याची खूण वेगळी. मध्येच संगणकावर देवघेव सुरू झाली असेल तर त्या तारखेपासून शिक्के थांबलेले असतात. तो वाचकांचा निरुत्साह नव्हे.

पुस्तक आलं कुठून, हा रकाना स्वतः वाढवावा. स्वखरेदी, देणगी, आणि कोलकात्याच्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानकडून आलेली. १९७२मध्ये स्थापन झालेल्या या प्रतिष्ठानच्या योजनेतून ज्या पुस्तकांची निवड वर होते, ती गावाने मागितलेली नसतात. त्यांचे शिक्के आणि स्वखरेदीचे शिक्के शेजारी ठेवले की निवड कुणी करावी या जुन्या वादात हातात काहीतरी येतं. देणगीची वही पुष्कळदा निराळी असते, ती मागितल्याशिवाय निघत नाही.

वर्गीकरणही जिथे तिथे वेगळं. महाविद्यालयात ड्युईच्या दशांश वर्गीकरणाचे अंक सापडतात, मराठी साहित्य ८९१.४६ आणि त्यातली कादंबरी-कथा ८९१.४६३. गावच्या वाचनालयात ‘कादंबरी’, ‘चरित्र’, ‘धार्मिक’, ‘बाल’, ‘शेतीविषयक’ एवढ्या पाट्यांवर काम चालतं, आणि संत चरित्र कुठे जाईल ते त्या दिवशी कपाटात कुठे जागा होती यावर. दोन वाचनालयांची तुलना करायची तर आधी आपली एक जुळणीची सारणी लागते: इथली पाटी, तिथली पाटी, आपला वर्ग. ती परिशिष्टात द्यावी. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, त्यावर दोन प्रश्न आले तरी मी ते चांगलं लक्षण मानेन.

एका माणसाने दिवसाला साठ-सत्तर पुस्तकं तपासली तरी एक वाचनालय चार-पाच दिवस खातं. म्हणून दहा-बारा वाचनालयं नेमकी निवडावीत. ‘मराठवाड्यातील सर्व’ हा शब्द शीर्षकात घालू नये.

काळाचा अभ्यास करणाऱ्यांना मराठवाड्याचा नकाशा हमखास चकवतो. १९५६पर्यंत आपण हैदराबाद राज्यात, तिथला ग्रंथालय कायदा १९५५चा, महाराष्ट्राचा १९६७चा. निजामाच्या काळातले सरकारी कागद बहुधा उर्दूत, त्यांवर फसली सन. फसलीत साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतं, हे माहीत नसलं तर १३५७ बघून माणूस तुघलकांच्या काळात जाऊन बसतो. पुढे जालना १ मे १९८१ला वेगळा झाला, लातूर ऑगस्ट १९८२मध्ये उस्मानाबादेतून, हिंगोली १९९९मध्ये परभणीतून. ‘१९७१ ते २०११ उस्मानाबाद जिल्ह्यातील ग्रंथालयांची वाढ’ असा आलेख काढला तर १९८२ला तो कोसळतो, आणि त्याची कारणं वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासात शोधली जातात. ग्रंथालयं होती तिथेच आहेत, जिल्हा सरकला. अशा अभ्यासात एकक म्हणून तालुका घ्यावा, आणि तालुकेही कधी फुटले ते बघूनच.

प्रश्नावली वाईट, असं मला म्हणायचं नाही. ती काय विचारू शकते आणि काय नाही, याचं भान हवं. ‘तुम्ही ग्रंथालयात नियमित येता का?’ याला ‘नाही’ कोण लिहिणार? शिवाय वाचक म्हणजे कोण? वर्गणी भरून पुस्तक नेणारा सभासद, सकाळी नऊला पेपरासाठी येणारे निवृत्त गुरुजी, आणि स्वतःची पुस्तकं घेऊन सकाळपासून रात्रीपर्यंत अभ्यासिकेत बसणारा स्पर्धा परीक्षेचा पोरगा, असे तिघं एकाच छताखाली असतात. तिसऱ्याला वाचनालयाकडून खुर्ची, पंखा आणि शांतता हवी असते. लातूरसारख्या क्लासच्या गावात तिघांतला हाच मोठा गट भेटायचा. तिघांची बेरीज करून ‘७८ टक्के वाचक समाधानी’ असा आकडा निघाला, तर समाधान पुस्तकाचं की पंख्याचं, ते कळायला मार्ग उरत नाही. प्रश्नावली तीन करायच्या, निदान पहिल्याच प्रश्नात तिघांना वेगळं तरी काढायचं.

नमुना किती, याला क्रेजसी आणि मॉर्गन यांचा १९७०चा तक्ता सगळे लावतात. एकूण ३०० असतील तर नमुना १६९, १,००० असतील तर २७८, १०,००० असतील तर ३७०. तक्ता बरोबर आहे, लावणं चुकतं. १६९ हा भरून परत आलेल्यांचा आकडा आहे, वाटलेल्यांचा नाही. तीनातल्या दोघांनीच परत दिली तर अडीचशेच्या वर वाटाव्या लागतात. आणि परत न देणारे सगळ्यांसारखे नसतात. कुलूपबंद वाचनालय फॉर्म भरत नाही. गूगल फॉर्मवर विसंबलं तर जिथे नेट आहे आणि ग्रंथपालाला सवड आहे तेवढाच मराठवाडा हाती लागतो. पोस्टाने, फोनने, मग प्रत्यक्ष, असे तीन फेरे करावेत. तिसऱ्या फेऱ्यात मिळालेली उत्तरं पहिल्या फेऱ्याशी ताडून बघावीत. ती वेगळी निघाली तर न मिळालेली त्याहून वेगळी असणार.

फॉर्म घेऊन दारात आलेल्या माणसाची इथे भीतीही आहे. २०१२मध्ये महसूल यंत्रणेने राज्यभर वाचनालयांची पडताळणी केली, त्यानंतर ‘रोज किती वेळ उघडं असतं?’ हा प्रश्न भोळा राहिला नाही. विद्यापीठाचं पत्र दाखवून, वाचनालयाचं नाव प्रबंधात येणार नाही हे लेखी दिलं तर वही निघते. शाळा-कॉलेजांत एप्रिल परीक्षांचा, मे कुलपाचा. गावात सोयाबीनच्या काढणीत पदाधिकारी भेटत नाहीत आणि कपाटाची चावी त्यांच्याकडेच असते. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा बरा काळ.

प्रश्नावलीतल्या विधानांचा आपसातला मेळ सांगणारा क्रॉनबॅक अल्फा ०.७च्या खाली आला की लोक घाबरून प्रश्नच गाळतात. आधी दोन गोष्टी तपासाव्यात: ‘ग्रंथपाल मदत करत नाहीत’ यासारख्या उलट्या विधानांचे गुण उलटवले का, आणि अल्फा काढताना वय-लिंगाचे रकाने चुकून आत गेले का. बऱ्याचदा रोग इथेच असतो.

वहीची धूळ नको असेल त्यांनी ग्रंथमितीकडे, म्हणजे छापून आलेल्या लेखांच्या मोजदादीकडे, जावं, पण तिथे धूळ नाही हा गैरसमज आहे. मराठवाड्यातल्या संशोधकांचे लेख डेटाबेसमधून काढायला ‘औरंगाबाद’ घाला, बिहारचं औरंगाबाद सोबत येतं. ‘आंबेडकर युनिव्हर्सिटी’ घाला, आग्रा, लखनौ, अहमदाबाद आणि आपल्याच राज्यातलं लोणेरे, सगळे हजर. आपल्या विद्यापीठाची नावंही एक नाही: १९५८पासून मराठवाडा विद्यापीठ, १४ जानेवारी १९९४च्या नामविस्तारानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, कुठे नुसतं ‘बामू’. नांदेडचं विद्यापीठ १९९४चं, त्याच्या आधीचे नांदेडचे लेख जुन्या नावाखाली शोधायचे. आणि एस. आर. जाधव नावाचे तिघं तीन विषयांत असतील तर यंत्र त्यांचा एकच कर्तबगार जाधव करून टाकतं. आधी हजारभर नोंदी हाताने साफ केल्याशिवाय व्हॉसव्ह्यूअर या सॉफ्टवेअरमधून लेखांच्या परस्परसंबंधांचा रंगीत नकाशा काढू नये. दिसायला तो दोन्ही वेळा सारखाच सुंदर दिसतो, हीच त्याची खोड.

मराठी मजकुराचं दुखणं आणखी वेगळं. जुन्या फाँटमध्ये टंकलेली सूची युनिकोडमध्ये नेली की अक्षरांचा चुरा होतो. ‘ग्रंथालय’ आणि ‘ग्रन्थालय’ हे संगणकाला दोन शब्द. प्रबंध मराठीत लिहिणार असाल, आणि जरूर लिहा, तर पहिल्या दिवसापासून युनिकोड. टंकन करून देणाऱ्याने त्याच्या सवयीच्या फाँटमध्ये केलं, तर साहित्यचौर्य तपासणीच्या वेळी फाईल वाचताच येत नाही आणि तीनशे पानं पुन्हा बसवावी लागतात.

त्या तपासणीत २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. १० ते ४० आलं तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ४० ते ६०ला वर्षभर सादर करता येत नाही, ६०च्या वर नोंदणीच रद्द. आपल्या विषयात साम्य सापडतं ते दुसऱ्या प्रकरणात, जिथे ‘ग्रंथालयाचा उगम व विकास’ येतो. असल्या प्रकरणाची गरजच काय, हा प्रश्न गाईडला विचारायला हरकत नाही.

सादर केलेला प्रबंध किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो, मग खुला व्हायवा, मग शोधगंगा. तिथे प्रकरणवार फाईल द्याव्या लागतात. छापील पानांचे फोटो काढून पीडीएफ केली तर तिच्यात शोध घेता येत नाही, आणि माहितीशास्त्राच्या डॉक्टरेटला ते शोभत नाही.

एक यादी मात्र कुठल्याच नियमात मागितलेली नसते. ज्या वाचनालयाने वह्या उघडून दिल्या, त्यांना त्यांच्या २९२ पुस्तकांची तपासणी छापून द्यावी, दाखल क्रमांकाच्या क्रमाने: जागेवर, सभासदाकडे, नोंद आहे पण पुस्तक नाही. दहा-बारा पानं होतात. मे महिन्यातल्या पडताळणीत ग्रंथपाल ती शेजारी ठेवतो आणि कोरे राहिलेले शेरे भरत जातो.